मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलायचं असेल तर

प्रश्न असा आहे: गाडी छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी, मागे ड्रम ब्रेक. पन्नास-साठच्या पुढे मागून घूं असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो आणि गिअर न्यूट्रलला टाकला तरी जात नाही. मागचं बेअरिंग गेलं असावं. ते घरी बदलता येईल का?

येईल. घाम जुनं बेअरिंग काढताना जातो, पण नवं बेअरिंग टिकणार की महिनाभरात परत ओरडणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं: बसवताना जोर कुठल्या रिंगवर दिला आणि शेवटचा नट किती आवळला. बाकी चुका बहुतेक सुधारता येतात, या दोन सुधारता येत नाहीत. म्हणून खाली त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी खात्री करा की आवाज बेअरिंगचाच आहे. झिजून लाटा पडलेला टायर अगदी असाच घुमतो. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही. शंका असेल तर मागची चाकं पुढे आणि पुढची मागे लावून एक फेरी मारा. आवाजही पुढे सरकला तर टायर दोषी. कुठल्या बाजूचं बेअरिंग गेलंय हे लांबलचक वळणावर कळतं. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग धरायचं. मागच्या चाकांत हा फरक पुढच्याइतका ठळक नसतो, आणि आवाज पत्र्यातून फिरून येत असल्यामुळे आत बसलेल्या माणसाचा अंदाज बऱ्याचदा उलटा निघतो. त्यामुळे चाक उचलून बघितल्याशिवाय बेअरिंग विकत आणू नका.

चाक उचलल्यावर हँडब्रेक सोडा, एका हाताची बोटं मागच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवा आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. खराब बेअरिंगची बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते, कानाला ऐकू येत नसली तरी. मग हीच चाचणी दुसऱ्या बाजूला करा, फरक लगेच कळतो. ब्रेक शू (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तुकडे) ड्रमला घासत असतील तर फेरीत एकाच ठिकाणी सर्र असा आवाज येतो, तो वेगळा. त्यानंतर चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (सैलपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये आहे, तसाच राहिला तर मागच्या बीमचं बुश किंवा दुसरा सांधा तपासा. प्ले अजिबात नाही म्हणून बेअरिंग चांगलं, असं मात्र समजू नका. सीलबंद बॉल बेअरिंगमध्ये आवाज आधी येतो आणि प्ले फार उशिरा.

आता तुमच्या गाडीत कुठली रचना आहे ते बघा, कारण पुढचं सगळं काम त्यावर आहे. मागच्या ड्रममध्ये साधारण चार प्रकार आढळतात. पहिला, ड्रमच्या मधल्या भोकात दाबून बसवलेलं आणि सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेलं एकच जाड सीलबंद बेअरिंग. दुसरा, ड्रममध्ये दोन साधी बॉल बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये नळीसारखा स्पेसर. तिसरा, जुन्या गाड्यांत असतो तो टेपर रोलरचा (निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचा) जोड, ज्यात नट पिळून प्ले ठरवायचा असतो. चौथा, पूर्ण हबच (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एक युनिट म्हणून मागून चार बोल्टांनी बसलेला. चौथा प्रकार असेल तर निम्मं काम वाचलं: दाबकाम नाही, ड्रम काढायचा, चार बोल्ट सोडायचे, युनिट बदलायचं. अडचण एवढीच की तेच चार बोल्ट ब्रेकची बॅकप्लेटही (ड्रममागची पत्र्याची थाळी) धरून ठेवतात. ती ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. आदल्या रात्री बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि बसवताना बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळा.

बेअरिंग मागवताना गाडीच्या मॉडेलवर भागवू नका, जुन्या बेअरिंगच्या रिंगवर कोरलेला नंबर वाचा. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतल्या भोकाचं माप मिळतं (०४ पासून पुढे). म्हणजे ६२०५ असेल तर आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५. पुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे, ‘सी३’ असेल तर आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त आहे. ही अक्षरंही जुळली पाहिजेत. बेअरिंगबरोबर नवा नट, नवी सर्क्लिप किंवा स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घालायची दुपायी पिन) आणि नवी डस्ट कॅप (नटवरचं धुळीचं झाकण) घ्या. किटमध्ये हे बहुतेक येतंच. जुना नट पुन्हा वापरायचा मोह टाळा. कड दाबून लॉक होणारा किंवा नायलॉनचा नट एकदाच धरतो.

हत्यारांत जॅक, दोन भक्कम स्टँड, पुढच्या चाकांना लावायला ठोकळे, लांब दांड्याचा पाना, हब नटच्या, म्हणजे मधल्या मोठ्या नटच्या, मापाची सॉकेट-गोटी (बहुधा ३० ते ३६ मिमीच्या दरम्यान), सर्क्लिपची पक्कड, पितळी किंवा मऊ लोखंडाचा पंच, हातोडा, डोळ्यांना चष्मा आणि टॉर्क रेंच. टॉर्क रेंच घेताना त्याची मर्यादा बघा. लहान टॉर्क रेंच बरेचदा १०० ते १२० न्यूटन-मीटरवर संपतात, आणि सीलबंद बेअरिंगच्या हब नटला अनेक गाड्यांत १५० ते २५० लागतात. रेंच मागून आणा, भाड्याने घ्या, पण हाताच्या अंदाजाने हा नट आवळू नका.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. डस्ट कॅप छिन्नीने कडेकडेने हलवत काढा. नटची कड, ज्यावर ड्रम फिरतो त्या आखूड दांड्याच्या, म्हणजे स्टब अ‍ॅक्सलच्या खाचेत दाबलेली असेल तर ती आधी उचला, नाहीतर नट सोडताना आटे खरवडले जातात. रिमच्या मधल्या भोकातून गोटी आत जात असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा. स्टँडवर चढवलेल्या गाडीला दीड मीटरचा पाइप लावून झटके देणं धोक्याचं आहे. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या नटला उलटे आटे असतात. जोर लावूनही हलत नसेल तर पाइप लांब करण्याआधी उघडे आटे निरखून बघा.

मग गाडी उचला, स्टँडवर टेकवा, चाक काढा आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक सोडायचा विसरून ड्रम ओढत बसणं ही सर्वांत नेहमीची चूक. तरीही ड्रम येत नसेल तर बहुतेक वेळा झिजलेल्या ड्रमच्या आतल्या काठावर कड तयार झालेली असते आणि शू तिच्यामागे अडकतात. बॅकप्लेटवरचा रबरी बूच काढून पेचकसने अ‍ॅडजस्टरचं दातेरी चाक मागे फिरवा, हँडब्रेकची केबलही ढिली करा, शू आत गेले की ड्रम सुटतो. काठावर हातोडा घालू नका. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो, तो वाकत नाही, तडकतो.

ड्रम आल्यावर आतली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने भिजवून फडक्याने पुसा. लायनरवर ग्रीस झिरपलं असेल तर शू दोन्ही बाजूंचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेकला ओढते.

ड्रम निघताना बेअरिंग फुटून आतली रिंग, कधीकधी सीलसकट, स्टब अ‍ॅक्सलवरच राहते. घाबरायचं कारण नाही, हे नेहमी होतं. पुलरचे (ओढून काढायच्या हत्याराचे) पाय मागे शिरत असतील तर उत्तम. नसतील तर ग्राइंडरने रिंगला आडव्या रेषेत, म्हणजे अ‍ॅक्सलच्या लांबीच्या दिशेने, एक चीर पाडा. जाडीच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच जा. मग चिरेत छिन्नी ठेवून एक नेमका घाव घाला. बेअरिंगचं पोलाद कडक असल्यामुळे रिंग तिथे तडकते आणि हाताने सरकवता येते. तुकडा उडू शकतो, म्हणून चष्मा हवाच. ठिणग्या शू, सेन्सर आणि रबरी नळीवर पडू नयेत म्हणून ओलं फडकं गुंडाळा. ब्रेक क्लीनर मारला असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत ठिणगी नको: पेट घेतो, आणि क्लोरीनयुक्त असेल तर तापल्यावर विषारी वायू सोडतो. गॅसच्या ज्योतीने रिंग तापवू नका, अ‍ॅक्सलचा कडकपणा जातो.

आता थांबून स्टब अ‍ॅक्सलची बैठक नीट बघा. पुसून बोट फिरवा. किरकोळ गंज बारीक पॉलिश पेपरने निघाला आणि खाली गुळगुळीत धातू दिसला तर ठीक. निळसर छटा, फिरत गेलेले चरे किंवा नखाला लागणारी पायरी असेल तर जुन्या बेअरिंगची आतली रिंग अ‍ॅक्सलवर फिरत होती. अशा अ‍ॅक्सलवर नवं बेअरिंग टिकणार नाही. इथे पंचाने ठिपके मारून पकड वाढवायचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका. रिंग फक्त ठिपक्यांच्या टोकांवर टेकते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुटते. अ‍ॅक्सल बदलणं हाच मार्ग.

ड्रममधलं जुनं बेअरिंग काढण्याआधी ते काठापासून किती आत बसलंय ते मोजून लिहून ठेवा. सर्क्लिप काढा, ड्रम लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, पण ठोकळे हबच्या जाड भागाखाली हवेत, बाहेरच्या काठाखाली नाहीत. जुनं बेअरिंग टाकूनच द्यायचं आहे, त्यामुळे ते कुठेही ठोकून बाहेर काढलं तरी चालतं. भोक स्वच्छ करा, सर्क्लिपच्या खाचेतला गंज टोकदार वस्तूने खरवडून काढा. नवं बेअरिंग हाताच्या दाबानेच आत सरकलं तर भोक झिजलंय. ड्रम बदला, चिकटवणाऱ्या द्रावणावर विसंबू नका.

बसवताना जोर बाहेरच्या रिंगवरच यायला हवा, कारण ड्रमच्या भोकात घट्ट बसते ती बाहेरची रिंग. आतल्या रिंगवर दाब दिला तर तो जोर गोळ्यांमधून बाहेर जातो. गोळी आणि खाच एकमेकींना अगदी बारीक ठिकाणी टेकतात, त्यामुळे तेवढ्याशा जागेवर दाब प्रचंड होतो आणि प्रत्येक गोळीखाली रिंगमध्ये सूक्ष्म खळगा पडतो. बेअरिंग हातात फिरवून बघितलं तर काही कळत नाही. गाडी रस्त्यावर आली की गोळ्या त्या खळग्यांवरून धावतात आणि तोच घूं आवाज पुन्हा सुरू होतो. ‘नवं बेअरिंगच खराब निघालं’ अशा तक्रारींमागे अनेकदा हेच असतं. उलट, बेअरिंग अ‍ॅक्सलवर घट्ट चढवायचं असेल तर जोर आतल्या रिंगवर. जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच दाब, हा नियम कुठल्याही बेअरिंगला लागू आहे.

घरी प्रेस नसेल तर १४ किंवा १६ मिमीचा, ८.८ दर्जाचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि सहा-आठ मिमी जाडीचे वॉशर पुरतात. बेअरिंगच्या बाजूला बाहेरच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर लहान चकती लावा, ती आतल्या रिंगला किंवा सीलला टेकता कामा नये. त्यासाठी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग सर्वांत सोयीची. तिला ग्राइंडरने एक आरपार चीर दिली की ती भोकात अडकून बसत नाही. दुसऱ्या बाजूला बेअरिंगपेक्षा मोठ्या भोकाचा पाइपचा तुकडा टेकू म्हणून ठेवा. आट्यांना ग्रीस लावा आणि नट सावकाश आवळा. पहिले दोन-तीन मिलिमीटर महत्त्वाचे. चारही बाजूंनी बघत राहा, बेअरिंग तिरपं जातंय असं दिसलं तर तिथेच थांबून बाहेर काढा आणि पुन्हा सुरुवात करा. तिरपं दाबलेलं बेअरिंग भोक खरवडतं.

थंड-गरमचा उपयोग करून घ्या. बेअरिंग बंद पिशवीत रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि ड्रमची मधली जागा हॉट एअर गनने शंभर अंशांच्या आसपास तापवा. ५२ मिमीचं भोक ऐंशी अंशांनी तापलं की सुमारे ०.०४५ मिमी मोठं होतं आणि बेअरिंग चाळीस अंशांनी थंड झालं की साधारण ०.०२५ मिमी आकसतं. आकडे लहान वाटतात, पण घट्टपणा स्वतःच मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो, त्यामुळे काम खूप हलकं होतं. सीलबंद बेअरिंग स्वतः तापवू नका.

बेअरिंग तळाला टेकलं की नट एकदम जड होतो. तिथे थांबा आणि लिहून ठेवलेलं माप ताडून बघा. सर्क्लिप घालून ती खाचेत फिरते का बघा. फिरत नसेल तर बेअरिंग अजून पूर्ण आत गेलेलं नाही.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या आतल्या अंगाला यायला हवी. दोन्ही बाजू दिसायला जवळजवळ सारख्या असतात, म्हणून कागदाची पिन जवळ नेऊन बघा: चिकटते ती चुंबकाची बाजू. तिला ठोका लागू देऊ नका, लोखंडी कीस लागला असेल तर पुसून घ्या, चुंबक असलेल्या हत्याराजवळ ठेवू नका. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि बेअरिंग पुन्हा काढताना बहुधा वायाच जातं.

दोन बॉल बेअरिंग आणि स्पेसर असतील तर एक बेअरिंग तळापर्यंत बसवा, मग स्पेसर ठेवा, पोकळीत थोडं ग्रीस भरा आणि दुसरं बेअरिंग स्पेसरला जेमतेम टेकेपर्यंतच दाबा. टेकल्यावरही दाबत राहिलात तर दोन्ही बेअरिंगच्या गोळ्यांवर कायमचा आडवा ताण राहतो. स्पेसर बोटाने किंचित सरकवता आला पाहिजे, पण खडखडता कामा नये.

टेपर रोलरच्या जोडात कप (बाहेरची रिंग) आणि कोन (रोलरसह आतली रिंग) नेहमी एकाच संचातले वापरा. नव्या कोनला जुना कप चालत नाही. तळहातावर चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस घेऊन कोनची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. हबची पोकळी साधारण तिसरा हिस्सा ते अर्धी भरा. गच्च भरलेलं ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर येतं. सीलची ओठाची बाजू ग्रीसकडे.

अ‍ॅक्सल पुसून तेलाचा पातळ हात द्या, ड्रम चढवा, नवा नट लावा. सीलबंद बेअरिंगमध्ये आतली रिंग बहुधा दोन तुकड्यांची असते आणि नटच ते दोन तुकडे एकमेकांवर दाबून धरतो. नट कमी आवळला तर तुकडे सुटे राहतात, प्ले येतो, रिंग अ‍ॅक्सलवर फिरू लागते. म्हणून ड्रम हाताने फिरवत नट बसवत आणा, मग ब्रेक दाबून धरायला सांगून मॅन्युअलमधल्या टॉर्कला पूर्ण आवळा. हे चाक हवेत असतानाच करा. नट पूर्ण आवळण्याआधी गाडीचा भार बेअरिंगवर आला तर ते तिथेच दुखावतं. एअर गनने शेवटचं आवळणं नको, टॉर्क किती झाला ते कळत नाही. त्यानंतर नटची कड खाचेत दाबा आणि डस्ट कॅप लावा.

टेपर रोलरला हा नियम अगदी उलट. चाक फिरवत नट साधारण पंचवीस-तीस न्यूटन-मीटरला आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग पूर्ण ढिला करा आणि हाताने लागेल तेवढाच पुन्हा आवळा. अनेक गाड्यांत खूण अशी असते: नटखालचा जाड वॉशर पेचकसच्या टोकाने, बोटाच्या जोरावर, न पिळता सरकवता आला पाहिजे. मग स्प्लिट पिन. इथे २०० न्यूटन-मीटर लावले तर काही किलोमीटरांत बेअरिंग जळतं.

शू पुन्हा जवळ आणा, ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा, हँडब्रेक जुळवा, चाक मोकळं फिरतं का बघा. चाकाचे बोल्ट गाडी खाली आल्यावर टॉर्कला आवळा. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमी वापरत चालवा आणि दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या. कोमट सारखंच लागायला हवं. नवी बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर आधी ब्रेक घासतोय का ते बघा, मग नट. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे बोल्ट पुन्हा तपासा. हब नट मात्र एकदा टॉर्कला बसला की ‘अजून थोडा’ म्हणून हलवू नका.

दुसऱ्या बाजूचं बेअरिंग जोडीने बदलायची गरज नाही. ते शांत असेल आणि स्प्रिंगवर बोटांना गुळगुळीत लागत असेल तर राहू द्या. आवाज पहिल्याच दिवशी तसाच राहिला असेल तर बाजू चुकली किंवा टायर दोषी. आधी गेला आणि दोन-तीन आठवड्यांत परत आला तर गोळ्यांखाली खळगे पडलेत, भोक किंवा अ‍ॅक्सल झिजलेला आहे किंवा नट कमी बसला होता. तसं झालं तर ड्रम काढून आतल्या रिंगची अ‍ॅक्सलला टेकणारी बाजू बघा: तिथे चकचकीत, फिरल्याचे ओरखडे असतील तर दोष नटच्या टॉर्कचा किंवा झिजलेल्या अ‍ॅक्सलचा आहे, आणि तिसरं बेअरिंग आणण्याआधी तोच दुरुस्त करायला हवा.